मागे गेलेलं पाऊल

अपघातानंतर प्रांजल लोंढे पहिल्यांदा धावली ती कुपवाडच्या शाळेच्या मैदानावर, आणि तीही डॉक्टरांना न विचारता. परवानगी फक्त भरभर चालण्याची होती. तिची आई मालनताई मैदानाच्या कडेला रिकाम्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी एका खांबापासून निघाली, दुसऱ्या खांबाला हात लावून वळली आणि धावत परत आली. आईने तळहाताने डोळे पुसले आणि खो-खो खेळायला जमलेल्या पोरींवर ओरडली, "बघताय काय गं नुसतं? तुमची बाई पळतीय. पळा की तिच्या मागनं!"

सहा वर्षांपूर्वी प्रांजल जिल्ह्याच्या खो-खो संघाची कप्तान होती. स्पर्धेहून परतताना पेठनाक्याच्या पुढे जीप उलटली आणि तिचा कणा मधोमध मोडला. कमरेखालचं सगळं गेलं. वडील ती लहान असतानाच वारले होते. घरात ती आणि आई दोघीच. एमआयडीसीतल्या कामगारांना डबे देऊन आईने घर चालवलं होतं. कारखान्यांत यंत्रं वाढली, माणसं घटली, तसे डबे कमी झाले, पण बंद पडले नाहीत. सकाळचे डबे गेले की आई प्रांजलकडे वळायची. कूस बदलायची, अंग पुसायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, पोट साफ करून द्यायचं. पहिल्याच वर्षी पडून पडून पाठीला खाली जखम झाली. खोल, वास मारणारी. आई ती रोज धुवायची आणि धुताना कुणाच्या डब्यात मीठ जास्त पडलं, कोण आमटी परत पाठवतो, असल्या गोष्टी सांगत राहायची. पालथ्या पडलेल्या प्रांजलला तिचा चेहरा दिसत नसे. आवाज मात्र सहा वर्षांत एकदाही बदलला नाही. त्या आवाजावर विसंबून प्रांजल डोळे मिटून पडायची.

मिरजेच्या एका हॉस्पिटलात डॉ. समीना मुल्ला मज्जारज्जूच्या दुखापतींवर काम करत होत्या. नव्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी मायलेकींना बोलावलं, तेव्हा आधी आईलाच विचारलं.

"मावशी, पोळ्या लाटायला तुमच्याकडे बायका येतात ना? प्रत्येक पोळी कशी लाटायची, ते तुम्ही सांगता त्यांना?"

"छे. 'लागा कामाला' म्हणायचं. हात त्यांचं चालतंयच."

"चालण्याचंही तसंच असतं. मेंदू एकेका स्नायूला हुकूम देत बसत नाही. कमरेपाशी मज्जारज्जूत पेशींची जाळी असतात. हा पाय वाकव, तो ताठ कर, आता उलट, हा ताल त्या जाळ्यांनाच येतो. नुकतं जन्मलेलं बाळ काखेत धरून उभं केलं की पावलं टाकल्यासारखं करतं, ते त्यांच्यामुळेच. वरून मेंदू एवढंच सांगतो, की निघ, थांब, वळ, जोरात चल. प्रांजलची ती जाळी शाबूत आहेत. मज्जारज्जू मध्येच तुटल्यामुळे वरचा निरोप खाली पोचत नाही."

"म्हंजे बायका बसल्यात पोळपाट घेऊन, पर मालकिणीची हाकच ऐकू येईना," आई म्हणाली.

"अगदी बरोबर. आपण ती हाक पोचवायची."

शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या ज्या भागात हालचाल ठरते, त्यावर नखाएवढी पातळ पट्टी बसवली, कमरेच्या मज्जारज्जूवर दुसरी, आणि पोटाच्या कातडीखाली काड्यापेटीएवढी पेटी. वरची पट्टी मेंदूचा हुकूम ऐकायची, पेटी त्याचा अर्थ लावायची, खालची पट्टी विजेच्या बारीक टिचक्या मारून जाळ्यांना जागं करायची. प्रांजल उभी राहिली. पण पेटी फार सावध होती. हुकूम पक्का झाल्याची खात्री पटेपर्यंत ती पाय हलवू देत नसे. प्रत्येक पाऊल चिखलातून उपसल्यासारखं उशिरा पडायचं, आणि तोल गेला की सावरणारं पाऊल येईपर्यंत प्रांजल जमिनीवर असायची.

काही महिन्यांनी डॉ. मुल्लांनी पेटीत नवा प्रोग्रॅम घातला. त्याचं नाव होतं 'आगाऊ वाचन'.

"हालचाल करण्याआधी मेंदू तिची तयारी करतो," त्या म्हणाल्या. "आपल्या मनाला कळायच्याही किंचित आधी. पेटी आता हुकुमाची वाट बघणार नाही, तयारीच ओळखेल. तुझं पाऊल वेळेवर पडेल. पण एक लक्षात ठेव. मेंदू तयारी करतो त्यातल्या कितीतरी हालचाली तो ऐन वेळी रद्द करतो. तो 'थांब' मेंदूच्या आतल्या, खोल भागातून येतो. तिथे आपली पट्टी पोचत नाही, म्हणून पेटीला तो ऐकू येत नाही. आमचा पाय मनातल्या मनात उचलला जातो आणि तिथेच राहतो. तुझा उचललेला दिसेल."

"दिसू दे की, मॅडम," प्रांजल हसून म्हणाली.

हॉस्पिटलातल्या नर्सनी त्या प्रोग्रॅमला नुसतं 'आगाऊ' म्हणायला सुरुवात केली, आणि घरीही तेच नाव रुजलं. त्याच प्रोग्रॅमवर प्रांजल त्या दिवशी मैदानावर धावली होती.

आगाऊपणा लवकरच दिसला. शाळेने प्रांजलला मुलींच्या संघाची प्रशिक्षक नेमलं होतं. एके दिवशी ती मुलींना हूल द्यायला शिकवत होती. डावीकडे निघाल्याचं दाखवायचं आणि पाठलाग करणारी फसली की उजवीकडे निसटायचं, ही तिची एकेकाळची खासियत. आता ती डावीकडे निघाल्याचं दाखवायला गेली की खरंच डावीकडे जायची. कालपरवा खेळायला लागलेल्या पोरींनी तिला पटापट बाद केलं. प्रांजल खो खो हसली, मुलीही हसल्या.

मग बुधगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, बोलायला सरळ. चहा घेता घेता तो म्हणाला, "लग्नानंतर मैदानावर राबायची गरज पडणार नाही तुम्हाला." प्रांजलने ठरवलं होतं, काहीही झालं तरी शांतपणे ऐकून घ्यायचं. पण पाय उठले आणि तिला थेट ओसरीवर घेऊन गेले. पाहुणे गेल्यावर आई हसून हसून भिंतीला टेकली. "तोंडानं न्हाई म्हणाय जमलं नसतं हिला. पायांनीच सांगून टाकलं!"

डॉ. मुल्ला मात्र हसल्या नाहीत. "ह्याची सवय होऊ देऊ नकोस. पुन्हा सावध प्रोग्रॅमवर जाऊ. हळू चालशील, पण पाय तुझं ऐकतील."

"जिल्हा स्पर्धा होऊ दे, मॅडम."

जिल्हा स्पर्धा झाली. मग विभागीय स्पर्धा आली. खरी गोष्ट अशी, की प्रांजलला धावायचं होतं. सहा वर्षं छत बघत काढल्यावर वारा कानाशी वाजायला लागतो, तेव्हा तो सोडवत नाही. पाय कधीमधी फजिती करत असतील, तर करू देत, असं ती स्वतःला समजवायची.

त्याच दिवसांत आई एका बाजूने जेवायला लागली होती. भाकरी कालवून मऊ करायची, तिखट टाळायची. प्रांजलने एकदा विचारलं, तर म्हणाली, "दाढ दुखतीय." वर्षानुवर्षं तंबाखूची मिश्री लावून दात घासलेल्या बाईची दाढ दुखणारच, म्हणून प्रांजलने फार विचार केला नाही. विभागीय स्पर्धा जिंकून ती घरी आली, त्या दिवशी आईने तिला दिव्याखाली नेलं आणि तोंड उघडून दाखवलं. गालाच्या आत पांढरा, खडबडीत घाव होता.

"कधीपासून आहे हे?"

"हाय थोडं दिवस."

"आई, किती?"

"तुझ्या म्याचा झाल्या की सांगणार हुते," आई म्हणाली. "म्हटलं, पळतीय तवर पळू दे."

कॅन्सर जबड्यापर्यंत पोचला होता. मिरजेच्या त्याच हॉस्पिटलात डाव्या बाजूचा खालचा जबडा आणि गाल काढावा लागणार होता. छातीचं कातडं आणून तिथे लावणार होते. आईची धाकटी बहीण छबुमावशी कवठेपिरानहून राहायला आली. डॉ. मुल्लांना कळलं, तेव्हा त्यांनी प्रांजलला बाजूला घेतलं.

"आता तरी आगाऊ बंद करू या."

"आत्ता कसं, मॅडम? दिवसातून दहादा औषधांसाठी खाली-वर करावं लागतंय. हळू पायांनी आईचं कोण करणार?"

कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण होतं, असंही नव्हतं.

चेहऱ्याचं बँडेज उघडायचं ठरलं त्या दुपारी प्रांजल पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधीच अशा शस्त्रक्रियेचे फोटो दाखवून तिची तयारी करून घेतली होती. आईची नजर आपल्याकडे वळली की हसायचं, जवळ जाऊन तिचा हात धरायचा, असं तिने पक्कं ठरवलं होतं. नर्सने एकेक पट्टी सोडवली. शेवटचा कापूस निघाला.

डावा गाल नव्हताच. त्या जागी वेगळ्या रंगाच्या कातडीचं ठिगळ होतं, कडेने काळे टाके. ओठ खाली ओढला गेला होता आणि त्याच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. जखमेचा वास आला. आईने आरसा मागितला नाही. तिने सरळ प्रांजलकडे पाहिलं.

प्रांजलने हात पुढे केले, आणि पाय मागे गेले.

एक पाऊल, मग दुसरं. मागच्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ती आदळली आणि स्टीलचा ट्रे फरशीवर पडून वाजत राहिला. तिचे दोन्ही हात अजून पुढे पसरलेले होते. पुढच्या क्षणी पाय थांबले, उलटे फिरले आणि तिला धावतच पलंगापाशी घेऊन आले. पण तोवर आईने चादरीचं टोक उचलून नाकापर्यंत ओढलं होतं.

"आई, ते पेटीमुळं झालं. आई, बघ ना माझ्याकडं."

आईने मान हलवली. डोळ्यांनी जणू सांगितलं, असू दे, असू दे. चादर मात्र खाली केली नाही.

प्रांजल तशीच डॉ. मुल्लांच्या खोलीत गेली. "आत्ताच्या आत्ता बंद करा," म्हणाली. डॉक्टरांनी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि आगाऊ वाचन बंद झालं. प्रांजल उठायला गेली, तर पाय जड झाले होते, जुन्यासारखे. ती पुन्हा खुर्चीत बसली.

"मॅडम, एक सांगा. पेटी नसती, साधे पाय असते, तर मी थांबले असते ना? माझ्या मेंदूने 'थांब' म्हटलंच असेल ना?"

डॉ. मुल्लांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मी हो म्हणू शकते, प्रांजल. तुला बरं वाटेल. पण मला माहीत नाही. पेटीला ते ऐकू येत नाही, म्हणून कुठे नोंदही होत नाही. तू लगेच परत फिरलीस, एवढं मी पाहू शकते. त्याच्या आधी काय झालं, ते कुणालाच कधी कळणार नाही."

"आईला समजावून सांगाल?"

"सांगते."

संध्याकाळी त्या आईच्या खाटेशी बसल्या. पोळ्या लाटणाऱ्या बायकांचंच उदाहरण घेऊन त्यांनी सांगितलं, की मालकीण नुसती उठायच्या बेतात असली, तरी बायका कामाला लागतात, आणि तिने 'राहू द्या' म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. डॉक्टरांचा हात हातात घेऊन थोपटला. त्या बोलत होत्या तोवर तिच्या तोंडावर चादर नव्हती. काठी टेकत प्रांजल दारात आली, तेव्हा चादर वर गेली.

घरी आल्यावर चादरीऐवजी पदर आला. छबुमावशीसमोर आई पदर न घेता बसायची. डबे न्यायला येणाऱ्या पोऱ्यांसमोरही तिला लाज वाटत नसे. एकदोघे बिचकले, तेव्हा ती त्यांच्यावर बोबड्या आवाजात खेकसली सुद्धा. पण प्रांजलच्या काठीचा आवाज आला की पदर डाव्या बाजूने वर जायचा आणि दातांत धरता येत नाही म्हणून हाताने धरलेला राहायचा. जेवायला ती मावशीबरोबर आधीच बसायची. प्रांजल स्वयंपाकघराशी पोचेपर्यंत ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. एवढ्या हळू पायांनी कुणाला अचानक गाठता येत नाही.

रुसवा म्हणावा, तर तोही नव्हता. आई तिच्या पायांना तेल लावून द्यायची, मैदानावरच्या मुलींची चौकशी करायची. प्रांजल आता खांबापाशी खुर्ची टाकून शिकवत होती. मुली चांगल्या होत्या, पण कुणी तिच्या मागे धावत नव्हतं.

एकदा मावशी बाजारात गेली असताना प्रांजलने आईला गाठलं. तिच्यासमोर पाटावर बसली.

"आई, आता माझे पाय माझं ऐकतात. मागं जात नाहीत. काढ ना पदर."

आईने मान हलवली.

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुला? तुला पटलं नाही का?"

"पटलं की." अर्धा जबडा नसल्यामुळे आईचे शब्द ओले, तुटक यायचे, पण प्रांजलला ते कळायला लागले होते. "मशिनीचा दोष. तुझा काय न्हाई."

"मग?"

आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तुझ्या पाठीला जखम झालती. नर्सबाईनं पयल्यांदा उघडून दावली. आत हाड दिसत हुतं. तवा माझं बी पाय मागंच निघालं हुतं, बाळ. दारापर्यंत जावंसं वाटलं. मी खाटंचा दांडा धरला आणि मिठाची गोष्ट काढली. रोज धरायची. लई दिवस."

प्रांजलचा हात आपल्या पाठीकडे गेला.

"तू पालथी हुतीस. तुला कळलं न्हाई," आई म्हणाली. "म्हणून सा वर्सं निवांत पाठ दिलीस मला. कळलं असतं, तर दिली असतीस का?"

'दिली असती' म्हणणं खोटं ठरलं असतं. खोटं बोलावं, तर आई समोर बसली होती. आईने मोकळ्या हाताने तिच्या गुडघ्यावर थोपटलं, जसं तिने डॉक्टरांच्या हातावर थोपटलं होतं, आणि भाजी निवडायला घेतली.

उन्हाळ्यात डॉ. मुल्लांचा फोन आला. मेंदूच्या आतल्या भागापर्यंत पोचणारी बारीक तार तयार झाली होती. आता पेटीला 'थांब'ही ऐकू येणार होतं. धावताही येईल आणि थांबताही येईल, आणि पहिल्यांदा तुलाच विचारतेय, असं त्या म्हणाल्या. प्रांजलने त्यांचे आभार मानले आणि आत्ता नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती रडली. वर्षभर आधी हीच तार आली असती, तर! पण तार नव्हती, तेव्हा सावध पेटी तरी होती, आणि ती आपणच नको म्हटली होती, हेही तिला विसरता येईना.

कॅन्सर मानेत परत आला होता. आई त्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. जाण्याच्या थोडं आधीची एक दुपार आहे, जिच्याबद्दल प्रांजलने मावशीलाही कधी सांगितलं नाही.

आई औषधाच्या गुंगीत झोपली होती. प्रांजल पेज घेऊन खोलीत आली, तेव्हा झोपेत आईचा हात सैल पडला होता आणि पदर घसरून खांद्यावर आला होता. प्रांजलने पेजेचं भांडं खिडकीत ठेवलं आणि खाटेपाशी उभी राहिली. बऱ्याच महिन्यांनी तिने आईचा चेहरा पाहिला. ठिगळ आता बसलं होतं, टाक्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा उरल्या होत्या. उजवी बाजू तशीच होती, गालावरच्या तिळासकट. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर ओघळत होती. प्रांजलने रुमालाने ती हळूच टिपली.

पाय जागचे हलले नाहीत. ते पेटीच्या सावधपणामुळे की तिच्या स्वतःमुळे, हे तिला सांगता आलं नसतं. पण मन मागे गेलं नव्हतं. ते तिने नीट तपासून पाहिलं. आईला हलवून उठवावं, म्हणावं, बघ, मी इथे आहे, एवढ्या जवळ आहे, असं तिला फार वाटलं. तिचा हात आईच्या खांद्यापर्यंत गेलाही. पण उठल्याबरोबर आई आधी पदर शोधेल, आणि तो जागेवर नाही हे कळल्यावर तिच्या डोळ्यांत जे येईल, ते प्रांजलला दिसत होतं.

तिने पोटभर पाहून घेतलं. मग पदराचं टोक उचललं, डाव्या गालावरून नाकापर्यंत नीट आणलं आणि आईच्या सैल मुठीत सरकवून दिलं. काठी न वाजवता, भिंतीला धरून ती एकेक पाऊल दारापर्यंत गेली. तिथे वळली, काठी फरशीवर मुद्दाम जोरात टेकली आणि पुन्हा आत आली.

आईने डोळे उघडले. हात आधी तोंडाशी गेला. पदर जागेवर होता. तिचा चेहरा निवळला.

"आलीस व्हय?" आई म्हणाली.

"आत्ताच आले," प्रांजल म्हणाली, आणि तिने पेजेचं भांडं उचललं.